पितळी भोवरा

मला भीती वाटली की हसू येतं. ऐकणाऱ्याला हा स्वभावाचा गोडवा वाटतो, पण तसं काही नाही. शाळेत एकदा छडी खाताना मला हसू फुटलं आणि त्याबद्दल दुसरी छडी मिळाली. थोरल्या काकांना नेलं त्या दिवशी घरभर बायका रडत होत्या आणि मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबून मोरीत बसले होते. आई हताश होऊन म्हणायची, "ही कुणावर गेली काही कळत नाही. आपल्यात असं कोणी हसत नाही." दादा, म्हणजे माझे वडील, तर हसतच नसत. ते नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक होते, रविवारी आमच्या कॉलनीतल्या विहारात वंदना घेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कायम परीक्षेच्या हॉलमधली शांतता असे.

या हसण्यापायी मी शिक्षा पुष्कळ भोगल्या. मान मात्र एकदाच मिळाला, त्याची ही हकीकत.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी स्टेनो-टायपिस्ट म्हणून लागले होते, अजून कायम व्हायचे होते. कारखान्याच्या ऑफिसात खुर्चीवर बसणारी आमच्या कॉलनीतली मी पहिलीच मुलगी. सकाळी सायकल काढली की नळावरच्या बायका हंडा तसाच वाहता ठेवून माझ्याकडे बघत, आणि मी गरज नसताना घंटी वाजवत जात असे. नोकरीवर माझा जीव होता. टाइपरायटरच्या आवाजावर, महिनाअखेरच्या गडबडीवर, अगदी कँटीनच्या पातळ डाळीवरसुद्धा.

कारखाना पंपाचे सुटे भाग बनवायचा. दारावरच्या बोर्डावर तसं लिहिलं होतं आणि मी टाइप करत असलेल्या कागदांवरही तेच असायचं. थोडा माल मुंबईच्या एका दलालामार्फत परदेशी जायचा. त्या दिवसांत आखातात दोन देशांची लढाई चालू होती. आमचा तिच्याशी संबंध एवढाच, की रेडिओवर तिची बातमी लागली की मॅनेजर सगळ्यांना गप्प करून कान देऊन ऐकत. त्यांना जगाची फार काळजी आहे असं मला वाटायचं.

मग मुंबईच्या एका साप्ताहिकात चार ओळी छापून आल्या. नाशिकच्या एका कारखान्यातून पंपाच्या नावाखाली लढाईतल्या देशाला हत्यारं जातात, असं त्यात होतं. नाव कुणाचंच नव्हतं, पण सातपुरात पंपाचे भाग परदेशी पाठवणारे दुसरे होते कुठे? दुसऱ्या दिवशी गेटवर गावातले वार्ताहर जमले. त्यांना पाहून मोठे साहेब, म्हणजे आमचे मालक, मागच्या गेटने मोटार काढून गेले. मॅनेजर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही जरा बाहेर जाऊन सांगा, साहेब नाहीत म्हणून. तुम्ही कॉलेजात वादविवादात बक्षिसं घेतलीत ना?"

वादविवाद वेगळा आणि चिडलेले वार्ताहर वेगळे. तरी मी गेटपर्यंत गेले. मी काही बोलायच्या आत एकाने विचारलं, "तुमच्याकडे तोफगोळे बनतात, हे खरं का?"

आणि मला हसू आलं. भीती होतीच, पण तोफगोळे हा शब्दही कारण झाला. नाशिकच्या माणसाला तोफांची दहशत अशी नसते. देवळालीकडे लष्कराचा सराव सुरू झाला की इकडे कपाटातली भांडी हलतात आणि आपण दुसऱ्या कामाला लागतो. माझी मावशी त्या सरावाच्या मैदानाजवळच्या गावात राहायची. तिच्या दारात छत्र्या ठेवायला गोळ्याचं रिकामं पितळी नळकांडं होतं आणि शेजारणीने तसल्याच नळकांड्यात मनीप्लांट लावला होता. सरावाच्या गोळ्यांची पितळी टोकं भंगारात गावात यायची, आणि सुट्टीत आम्ही मुलं त्यांचे भोवरे करायचो. दोन तळव्यांत धरून गिरकी द्यायची. टोक जमिनीवर आपटून चेमटलेलं असायचं, म्हणून भोवरा डुगडुगत फिरायचा आणि लगेच पडायचा. लष्कर म्हणजे मुलांना भोवरे पुरवणारं खातं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

मी हसले म्हणून वार्ताहर हसले. वार्ताहर हसले म्हणून वॉचमन हसला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आलं की प्रश्न ऐकताच कंपनीच्या प्रतिनिधी खळखळून हसल्या. मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी पुन्हा घाबरले, पुन्हा हसले. साहेब मॅनेजरना म्हणाले, "बघा. याच्याइतका स्पष्ट खुलासा वकिलानेसुद्धा दिला नसता. इथून पुढे पेपरवाल्यांशी ह्या बोलतील. आणि हे निस्तरलं की यांना कायम करा."

मी तरंगत घरी आले. घरी दादा वाट बघत होते. त्यांनी पेपर वाचला होता.

"हत्यारं बनवता का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"नाही हो दादा. पंपाचे भाग बनवतो."

त्यांनी मला समोर बसवलं. बौद्ध माणसाने कुठले व्यापार करू नयेत हे मला विहारात लहानपणापासून पाठ होतं, आणि त्यात हत्यारांचा व्यापार अगदी पहिला येतो. दादा आवाज न चढवता म्हणाले, "तुझी नोकरी आम्हा सगळ्यांना प्यारी आहे. पण तो माल हत्यारांचा निघाला, तर एक दिवससुद्धा तिथे राहायचं नाही. शब्द दे." मी शब्द दिला. देताना काहीच जड गेलं नाही, कारण सकाळीच मॅनेजरनी मला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की आपण फक्त पाण्याचं काम करतो.

त्या दिवसापासून संध्याकाळी हात-पाय धुऊन झाले की दादा विचारत, "हत्यारं बनवता का?" मी म्हणे, "नाही." मग ते मान हलवत आणि आई पानं वाढायला घेई. वार्ताहर एक वेळ चुकले असते, दादा कधी चुकले नाहीत.

इकडे मॅनेजरनी मला तयार करायचं मनावर घेतलं. मुलाखत देण्याचं त्यांचं शास्त्र मोठं गमतीचं होतं. अवघड प्रश्न आला की चहा मागवायचा. बशा वाजायला लागल्या की माणूस प्रश्न विसरतो, असा त्यांचा अनुभव होता. पण उघड चहा मागितला तर शंका येते, म्हणून खूण ठरली. मी हातातल्या बांगड्या मागे सारून वाजवायच्या, की दाराआड उभ्या असलेल्या कँटीनच्या मावशींनी ट्रे घेऊन आत यायचं. याची तालीम जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये चाले आणि ती बघायला सगळी पाळी लोटे.

वार्ताहर व्हायचा आमचा निफाडचा टर्नर. घरची द्राक्षबाग भावावर टाकून हा लेथवर उभा राहायचा आणि कामगारांच्या नाटकात दरवर्षी खलनायक असायचा. कागदाची सुरळी माझ्या तोंडासमोर धरून तो डोळे वटारी.

"ताई, खरं सांगा. तुमी गोळं बनवता का नाय?"

मी पाठ केलेलं म्हणून दाखवी, "आमची कंपनी शेतकऱ्याच्या शेतात पाणी पोचवण्याचं काम करते."

"मंग माझ्या बागंला पंप कवा देता? लय दिस झालं सायबाला सांगून."

मॅनेजर ओरडत, विषय सोडू नका. टर्नर पुन्हा सुरळी पुढे करी. "बरं ताई, ह्ये सांगा. डाळीत येवढं पानी असतं, ते तुमच्याच पंपानं सोडतात का?"

सगळं कँटीन बाकांवर हात आपटून हसायचं आणि मावशींचं तोंड फुगायचं. मी बांगड्या वाजवून वाजवून दमले तरी त्या दिवशी ट्रे येत नसे. एकदा तर त्यांनी आतूनच सांगितलं, "त्याला म्हणावं, पाणीच पी." अशा तालमीत मी काय तयार होणार? पण एक झालं, माझी भीती मोडली. त्या महिन्यात गावातल्या पेपरांना मी जी उत्तरं दिली ती आठवली की आजही मला माझंच कौतुक वाटतं. एकाने विचारलं, तुमचे साहेब पळून का जातात? मी म्हटलं, त्यांची मोटार नवी आहे. तो लिहायचं सोडून हसत बसला.

मी अगदी चढून गेले होते. पेपरात माझा फोटो आला, तो आईने भिंतीवर लावला. विहारात बायकांनी मला पुढे बसवलं. दादा तेवढे होते तसेच राहिले. एका संध्याकाळी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, मी नेहमीचं 'नाही' म्हटलं, आणि त्यांनी पुढचा प्रश्न काढला.

"तू स्वतः तो माल पाहिलास का?"

मी पाहिला नव्हता. ऑफिस आणि शेडच्या मध्ये जमिनीवर पिवळा पट्टा ओढलेला होता आणि त्याच्या पलीकडे आम्ही बायका जात नसू. साडीचा पदर यंत्रात अडकेल, असं कारण होतं. परदेशी माल बंद खोक्यांतून जायचा आणि शेडमध्ये त्याला 'कळी' म्हणत. आज कळीचं काम आहे, कळी संपत आली, असं दिवसभर कानावर पडे. पंपात कुठेतरी कळी असेल, असं मी धरून चालले होते. दादांना मी म्हटलं, "मॅनेजर सांगतात ना."

"मॅनेजरनी पाहिलं असेल. तू पाहून ये."

मी हो म्हटलं आणि टाळत राहिले. एक तर पट्टा ओलांडायचा म्हणजे परवानगी हवी. आणि खरं सांगायचं तर पंपाची कळी बघण्यात मला काय गंमत असणार? तोवर मुंबईहून निरोप आला. ज्याने त्या चार ओळी लिहिल्या होत्या तो वार्ताहर स्वतः मुलाखतीला येत होता.

इथे आमच्या कारखान्याची एक चाल सांगायला हवी. आमच्याकडे जो येईल त्याचा सत्कार व्हायचा. शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह. बॉयलर तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरचा झाला, विम्याच्या एजंटचा झाला, एकदा पत्ता चुकून आत आलेल्या माणसाचाही झाला होता आणि तो शाल पांघरून शेजारच्या कारखान्यात गेला होता. स्मृतिचिन्ह कामगार स्वतः बनवत. सागाच्या पाटीवर पंपाचा पितळी पंखा, चकचकीत पॉलिश करून. यात कुणी कसूर करत नसे, कारण नाशिकची अब्रू त्यावर आहे असं सगळ्यांचं मत होतं.

मुंबईचा पाहुणा म्हटल्यावर मॅनेजरनी फर्मान काढलं की पंखा आता जुना झाला, काहीतरी डोळ्यांत भरेल असं करा. फर्मान दिलं आणि ते माझ्या तालमीला लागले. टर्नरने काम मनापासून अंगावर घेतलं.

वार्ताहर आला. जाड चष्मा, खांद्याला शबनम, हातात टेपरेकॉर्डर. मोठे साहेब या वेळी पळाले नाहीत, टेबलाच्या टोकाला हाताची घडी घालून बसले. बाजूला मॅनेजर, समोर मी. टर्नर आणि दोघं-तिघं धुतलेले कपडे घालून भिंतीशी उभे, सत्कारासाठी. टेपरेकॉर्डरचं बटण खटकन दाबलं गेलं आणि माझ्या ओठांचे कोपरे हलायला लागले.

"हसू नका," वार्ताहर म्हणाला. "तिकडे माणसं मरतायत."

हे खरंच होतं, आणि खरं असल्यामुळे मला जास्तच भीती वाटली. मी ओठ दातांत धरले. तो एकेक प्रश्न टाकत गेला. माल कुठल्या बंदरातून जातो? शेवटी तो कोण घेतो? दलालाने कागद दाखवले का? मी बांगड्या वाजवल्या, चहा आला. पुन्हा वाजवल्या, पुन्हा आला. त्याच्यासमोर भरलेल्या कपांची रांग लागली आणि तो एकालाही हात लावेना. मावशी जाताना माझ्याकडे रागाने बघत होत्या, चहा वाया जात होता म्हणून.

"लढाई चालू असताना त्या देशाला एवढे पंप कशाला हवेत?"

"लढाई चालू असली तरी माणसं पाणी पितात," मी म्हणाले.

हे तालमीतलं नव्हतं. माझं मलाच सुचलं होतं. वार्ताहर पहिल्यांदाच थांबला आणि मॅनेजरनी टेबलाखाली मूठ आवळली. मी जमिनीपासून वीतभर वर गेले. आता याला जिंकलं, आता मी कायम झाले, आता नळावर घंटी वाजवत जाणार, असं सगळं एका क्षणात मनातून गेलं.

त्याने चष्मा पुसला आणि साधेपणाने विचारलं, "तुम्ही स्वतः तो माल पाहिलाय का?"

दादांचा प्रश्न. शब्दही जवळपास तेच. मला फस्सकन हसू फुटलं आणि मी बांगड्यांवर बांगड्या वाजवत सुटले. मावशींनी दारातून मान घालून सांगितलं, "दूध संपलं." मॅनेजरना परिस्थिती हातची जाते आहे हे दिसलं आणि त्यांनी त्यांच्या मते सगळ्यात सुरक्षित असं काम केलं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आता आपण पाहुण्यांचा सत्कार करू."

वार्ताहर नको नको म्हणेपर्यंत त्याच्या खांद्यावर शाल पडली आणि हातात नारळ आला. टाळ्या झाल्या. टर्नर पुढे आला, त्याच्या हातात लाल मखमल घातलेली वस्तू होती. मोठ्या अदबीने त्याने ती टेबलावर ठेवली आणि मखमल ओढली.

सागाच्या पाटीवर पितळेचा एक निमुळता तुकडा, टोक वर, असा झळझळत उभा होता. खालच्या अंगाला बारीक आटे पाडलेले होते आणि त्या आट्यांवरच तो पाटीत पिळून बसवला होता. सगळे वा म्हणाले. मीही म्हणाले असते. पण माझ्या दोन्ही तळव्यांना आधी ओळख पटली. देवळालीकडच्या मावशीचं अंगण, भंगार, चेमटलेली टोकं. न चेमटलेला भोवरा मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

मोठ्या साहेबांचा चेहरा पाहिला आणि माझी खात्री झाली. ते मॅनेजरकडे बघत होते आणि मॅनेजर नारळाकडे.

वार्ताहराने मात्र काहीच ओळखलं नव्हतं. मुंबईचा माणूस, त्याने गोळा कुठे पाहिला असणार? त्याने पाटी उचलून फिरवून पाहिली. "सुंदर काम आहे," तो टर्नरला म्हणाला, आणि टर्नर लाजला. "पंपाचा कुठला भाग हा?"

"आतला," मॅनेजर म्हणाले. "अगदी आतला."

वार्ताहराने माझ्याकडे बघितलं. टेपरेकॉर्डर फिरतच होता. मी नुसती मान हलवली असती तरी तो शाल पांघरून, ती वस्तू शबनममध्ये टाकून मुंबईला गेला असता. मी कायम झाले असते. आणि संध्याकाळी दादांनी विचारलं असतं, पाहिलंस का?

माझ्या पोटातून हसू वर आलं ते काही केल्या आवरेना. आयुष्यभर लपून हसले होते, त्या दिवशी सगळ्यांच्या देखत हसले. हसता हसता मी हात पुढे केला, पाटी जवळ ओढली आणि तो तुकडा पिळून सुटा केला. मॅनेजर "बाई, बाई" करत होते. मी समोरचे कप बाजूला सारले, तुकडा उलटा करून दोन तळव्यांत धरला आणि टेबलाच्या काचेवर गिरकी दिली.

काय फिरला तो. सरळ, ताठ, जराही न डुगडुगता, बारीक आवाज करत. काचेवर उजेडाचं वर्तुळ पडलं. भिंतीशी उभे असलेले कामगार पुढे सरकले, मावशी रिकामा ट्रे घेऊन आत आल्या, वार्ताहर शाल सावरत वाकला. मला त्या क्षणी इतका आनंद झाला होता की त्याचं कारण मला अजूनही नीट सांगता येत नाही.

"देवळालीकडे आम्ही लहानपणी याचा भोवरा करायचो," मी म्हणाले. "तोफगोळ्याच्या नाकाला बसवतात हे."

भोवरा हळू झाला, कपाला लागून आडवा झाला. वार्ताहराने अगदी हलक्या आवाजात विचारलं, "हे तुम्ही कंपनीच्या वतीने सांगताय?"

"कंपनीच्या वतीने मी मघापर्यंत हसले. हे माझं मी सांगतेय."

मोठे साहेब उठले. ते ओरडले नाहीत. "तुम्ही घरी जा," एवढंच म्हणाले. मी माझा डबा घेतला, टाइपरायटरवर झाकण घातलं आणि निघाले. सायकल काढताना टर्नर धावत आला. मला वाटलं आता हा शिव्या घालणार, याच्या हातचं काम मी उघडं पाडलं. तो गोंधळून गेला होता. "कळी म्हनून नकाशा आला, कळी म्हनून केली," तो म्हणाला. "कुठं बसती ते कोन इचारतं, ताई? सगळ्यात देखनी तीच होती म्हनून दिली." मग जरा थांबून म्हणाला, "पर फिरली लय झकास. आटं बराबर मधोमध पडल्याशिवाय नाय फिरत तशी." पुढे ती परदेशी ऑर्डर हातची गेली, शेड पुन्हा पंख्यांवर आलं, आणि द्राक्षं उतरली तेव्हा हा टर्नर त्यांची एक टोपली घेऊन आमच्या घरी आला. हे नंतरचं.

त्र्यंबक रस्त्याने मी गावाकडे सायकल सोडली. उतार होता आणि मी पायडल मारत नव्हते. हसू येतच होतं. समोरून येणारा टांगेवाला माझ्याकडे बघून स्वतःशीच हसला. कॉलनीचं वळण आलं तेव्हा मात्र घंटी वाजवायचं मला सुचलं नाही, आणि नळावरच्या बायकांनी तेवढ्यावरून काय ते ओळखलं.

दादा अंगणात खाटेची नवार ताणत होते. नवार एकट्याने ताणता येत नाही, म्हणून मी डबा ठेवला आणि दुसरीकडून पट्टी धरली. त्यांनी बघितलं की ही वेळेआधी आली आहे. प्रश्न मात्र नेहमीचाच विचारला.

"हत्यारं बनवता का तुम्ही?"

"हो," मी म्हणाले.

त्यांच्या हातातली पट्टी सैल पडली. मी सगळं सांगितलं, सत्कार, मखमल, भोवरा, सगळं. शब्द दिला होता तसा पाळला, हेही सांगितलं. मला शाबासकी हवी होती, लपवत नाही. दादांनी सैल पडलेली पट्टी उचलून खाटेवर ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे नोकरी गेली."

"गेली. तुम्हीच म्हणाला होतात ना, एक दिवससुद्धा नाही?"

"म्हणालो होतो." त्यांनी पट्टीकडे बघत बोटं चोळली. "मी रोज का विचारायचो, माहीत आहे तुला? तू 'नाही' म्हणायचीस ते ऐकायला. तू 'नाही' म्हणालीस की मला वाटायचं, आजचा दिवस निभावला, उद्याही पोरगी सायकल काढणार."

इतके दिवस मी त्यांना वार्ताहरांच्या बाजूचे समजत होते.

"आणि फिरला कसा म्हणालीस तो?" त्यांनी विचारलं.

मी रिकामे तळवे एकमेकांवर घासून दाखवले. दादांनी ते बघितलं आणि खाटेच्या कडेवर बसायला गेले. नवार अर्धीच विणलेली होती, ते सरळ त्या भोकातून खाली गेले. गुडघे वर, हात वर, पांढरी टोपी डोळ्यांवर. मी घाबरून धावले. आणि टोपीखालून एक आवाज आला, फस्सकन, मग खुदुखुदु, मग थांबेचना. तो आवाज मला ओळखीचा होता. आयुष्यभर मी तो ओढणीत कोंबत आले होते.

आई पिठाचे हात घेऊन दारात आली आणि नुसती बघत उभी राहिली. "हिला नावं ठेवत होते मी," ती म्हणाली.

दादांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसणं काही थांबत नव्हतं. मला तेव्हा कळलं. दादा हसत होते, म्हणजे दादा घाबरले होते. माझं आता काय होणार, या विचाराने घाबरले होते, आणि बहुतेक पहिल्या दिवसापासूनच. मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना वर ओढलं, टोपी नीट केली, आणि नवारीचं टोक त्यांच्या हातात दिलं.

"ओढा दादा," मी म्हणाले. "इकडून मी धरलंय."